अठरा जोड हातमोजे आणि एक दुरुस्ती

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे व्यवस्थापक श्रीयुत हाल्वार नेस्से साहेब, कामगार संघटनेचे सन्माननीय प्रतिनिधी, आजच्या सत्कारमूर्ती श्रीमती बोर्गहिल्द सुंदे, खारवणी, वाळवणी आणि प्रतवारी विभागातल्या माझ्या सहकाऱ्यांनो, आणि मागच्या रांगेत दाराजवळ अंगातले कोट न काढता बसलेल्या मिशन मंडळाच्या भगिनींनो,

इतक्या लांबलचक संबोधनाची आपल्या बेटाला सवय नाही. आपण व्यवस्थापकांना हाल्वार म्हणतो आणि पाद्रीबाबांनाही नावानंच हाक मारतो. पण भाषण म्हटलं की ते रीतीनं व्हावं, असं मला लहानपणी शिकवलेलं आहे आणि जिनं शिकवलं ती समोरच बसली आहे. तेव्हा आजच्यापुरतं साहेब. उद्या सकाळी पुन्हा हाल्वार.

व्यासपीठाबद्दल दोन शब्द. आपण ज्याला व्यासपीठ म्हणतो आहोत, ती माल रचायची चार लाकडी पॅलेटं आहेत आणि वर उपाहारगृहातली मेजचादर आहे. अध्यक्षांनी कृपया खुर्ची मागे सरकवू नये.

आता फुलं. प्रत्येक निरोपाला फुलं असतात, मग आज का नाहीत, असं काहींच्या मनात आलं असेल. खरेदीच्या नव्या नियमांप्रमाणे पाचशे क्रोनरच्या वरच्या कुठल्याही वस्तूला तीन दरपत्रकं लागतात. बेटावर फुलवाली एकच आहे. दुसरं दरपत्रक समोरच्या गावातून आलं. तिसरं अजून यायचं आहे. तेव्हा फुलं गुरुवारी. एक्केचाळीस वर्षांच्या सेवेबद्दल जे घड्याळ द्यायचं, त्याचीही तीच गत आहे. या पाकिटात सध्या घड्याळाचं चित्र आहे. मावशी, चित्रात दहा वाजून दहा मिनिटं झालेली आहेत आणि ती तशीच राहतील.

हसू नका. हे नियम टंकलिखित मीच केलेले आहेत, नऊ पानं. आणि ते का करावे लागले, हे सांगितल्याशिवाय आजच्या सत्कारमूर्तींविषयी खरं असं काही बोलताच येणार नाही.

("माशांचं बोल ग, सिन्ने. पाच मिनिटं म्हणाली होतीस!")

माशांवरच येते आहे, मावशी.

बोर्गहिल्द मावशी, म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण, एक्केचाळीस वर्षं आपल्या प्रतवारीच्या टेबलाशी उभी राहिली. खारवून वाळवलेला कॉड मासा तिच्या हाताखालून जातो आणि ती ठरवते, हा पहिल्या प्रतीचा, हा दुसऱ्या, हा परत. डोळ्यांनी नव्हे, हातांनी. कणा दाबून बघते, शेपटीकडे वाकवून बघते. एकदा पोर्तुगालचा एक व्यापारी तिच्याशी हुज्जत घालायला लागला, तर तिनं डोळे मिटले आणि त्याच्या पन्नास माशांची प्रत पुन्हा लावून दाखवली. तो म्हणाला, "बाई, चूक निघाली तर?" ती म्हणाली, "निघाली तर माझी. पण आधी निघू दे."

मीही तिच्याच हाताखालून गेलेली आहे. आई फेरीबोटीवर नोकरीला होती आणि आमच्या खडकाळ बेटावर तेव्हा शाळा नव्हती, म्हणून नऊ वर्षांची होईपर्यंत माझी शाळा म्हणजे मावशीचं स्वयंपाकघर. बेरीज-वजाबाकी मी विणकामाच्या टाक्यांवर शिकले. टाका गळला की ती रागवायची नाही. म्हणायची, "गळलाय कुठे ते शोध. तो तिथेच असतो, वाट बघत."

आणि इथे एक बारीकशी गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तरुणपणी मावशीचं उजव्या हाताचं पहिलं बोट मासे दाबायच्या यंत्रात सापडलं. बोट वाचलं, पण वाकेना. आपले लोकरीचे हातमोजे विणताना अंगठ्याच्या टोकाशी टाके कमी करत न्यावे लागतात. उजव्या मोज्याचा अंगठा एका बाजूला कलतो आणि डाव्याचा दुसऱ्या, आरशातल्यासारखा. मावशीला ते टाके एकाच बाजूला घेता येतात. तिच्या मोज्यांचे दोन्ही अंगठे डावीकडेच कलतात. मी तिच्याकडून शिकले, म्हणून माझेही. शाळेत शिवणकामाच्या बाईंनी माझा जोड वर्गाला दाखवून विचारलं होतं, "हिला दोन डावे हात आहेत का?" अख्ख्या बेटाला ही गोष्ट माहीत आहे. असे अंगठे विणणाऱ्या जगात दोनच बायका आहेत आणि आत्ता दोघी या खोलीत आहेत.

असो. आता खरेदी विभाग.

तीन वर्षांपूर्वी हाल्वार साहेब शहरात एका कार्यशाळेला गेले होते. विषय होता, खरेदीतली लबाडी कशी ओळखावी आणि कशी टाळावी. येताना त्यांनी सतरा लक्षणांची एक यादी आणली. खरेदी करणारा माणूस सुट्टी घेत नाही का? पुरवठादारांशी तो एकटाच बोलतो का? ठरावीक पुरवठादारांनाच पाळीपाळीनं काम मिळतं का? यादी भिंतीवर लागली. बरोबर ओत्तारच्या टेबलामागे.

ओत्तार, आपले त्या वेळचे खरेदीप्रमुख, सगळा देश सुट्टीवर असतो त्या जुलैतही कामावर असायचे. ज्या महिन्यात या देशात दात दुखला तर दातांचा डॉक्टर मिळत नाही, त्या महिन्यात ओत्तार खोक्यांची मागणी नोंदवायचे. आपण काय म्हणायचो? "काय निष्ठा आहे माणसाची!" मासे भरायच्या खोक्यांचे पुरवठादार तीन. तिघांशी तेच बोलायचे. आपण काय म्हणायचो? "दुसऱ्या कुणाला त्रास देत नाही." एका वर्षी पहिल्या कंपनीचा दर सगळ्यांत कमी, पुढच्या वर्षी दुसरीचा, मग तिसरीचा. आपण म्हणायचो, "बघा, स्पर्धा कशी निकोप आहे!" सतरापैकी अकरा लक्षणं. हाल्वार साहेबांना मी भीतभीत हे सांगितलं, तेव्हा ते फार विचार करून म्हणाले होते, "पण सिन्ने, सहा नाहीत ना?"

साहेब, तुम्ही मान हलवताय, म्हणजे आठवतं आहे. आभारी आहे.

त्या कार्यशाळेतूनच भेटवस्तूंची नोंदवही आली. पुरवठादारानं नाताळला साधी साखरेची पुडी जरी पाठवली, तरी लिहायचं. कुणी दिली, कधी दिली, काय दिलं, मूळ कुठलं. ती वही माझ्याकडे आली, कारण बाकी कुणाला ती नको होती. आणि मला एक खोड आहे, रिकामा रकाना बघवत नाही. पहिल्या वर्षी दोरवाल्यानं चॉकलेट पाठवलं, मीठवाल्यानं दिनदर्शिका पाठवली. खोक्यांच्या तिन्ही कंपन्यांनी काहीच पाठवलं नाही. मी तिघींपुढे 'भेट नाही' असं लिहिलं आणि भाबडेपणानं ओत्तारना विचारलं, "या तिघांनाही आपला पत्ता माहीत नाही का हो?"

ते हसले. म्हणाले, "तू फार बारकाईनं बघतेस, सिन्ने. चांगलं आहे."

पुढच्या नाताळात तिन्ही कंपन्यांकडून तीन पुडकी आली. तीन रंगांच्या फिती, तीन वेगळी शुभेच्छापत्रं. प्रत्येकात सहा जोड लोकरीचे हातमोजे. मी नोंद करायला एक जोड हातात घेतला आणि सवयीनं अंगठे बघितले.

दोन्ही डावीकडे.

दुसरं पुडकं. डावीकडे. तिसरं. डावीकडे.

एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या तीन कंपन्या, तीन शहरांतल्या टपालपेट्यांचे पत्ते, आणि हातमोजे एका हातचे. माझ्या मावशीच्या हातचे.

मंडळी, कार्यशाळेच्या सतरा लक्षणांत अंगठा नाही. मी पुन्हा पुन्हा बघितलं.

त्या दिवशी मी काय केलं ते भाषणाच्या शेवटी सांगेन. तोवर एवढंच, की मी तेवीस दिवस गप्प बसले. बोलले तर पहिलं नाव मावशीचं येणार होतं. चोविसाव्या दिवशी, रविवारी प्रार्थनेनंतर, मी एक जोड खिशात घालून तिच्याकडे गेले. तो जोड बाहेर नेल्याची नोंद केलेली आहे.

"मावशी, यंदा किती जोड विणलेस?"

"अठरा. का ग? तुला हवाय?"

"दिलेस कुणाला?"

"गुन्नवोरला दिले, बझारसाठी. दरवर्षी देते तसे."

गुन्नवोर म्हणजे दरवर्षी चर्चच्या मदतीसाठी बझार भरवणाऱ्या मिशन मंडळाच्या अध्यक्षा. आणि ओत्तारच्या पत्नी.

"बझारला तू बघितलेस का ते, टेबलावर?"

"मी कुठे गेले होते? तापानं पडले होते ना. गुन्नवोर सांगत आली, पहिल्या अर्ध्या तासात सगळे खपले म्हणून." मग तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "तुझा चेहरा का असा उतरलाय?"

मी जोड टेबलावर ठेवला. तिनं अंगठा उलटा करून आतली बाजू बघितली, जशी माशाची बघते. मग म्हणाली, "खपले खरे. कुठे सापडला हा?"

मी सगळं सांगितलं.

"आणि तू कधीपासून जाणतेस?"

"तेवीस दिवस."

"माझं नाव येईल म्हणून?"

"हो."

"वेडे," ती म्हणाली, "ओला मासा तेवीस दिवस झाकून ठेवला, तर वास कुणाच्या घराला येतो?"

मला अजूनही राहून राहून एकाच गोष्टीचं नवल वाटतं. पुढे चौकशीत निघालं, की खोक्यांमागे ओत्तार आपल्याकडून जवळजवळ दीडपट दर घेत होते. खोकी यायची त्याच समोरच्या गावातल्या कारखान्यातून, फक्त कागद तीन कंपन्यांमधून फिरून यायचा. वर्षानुवर्षं. आणि एवढं करणाऱ्या माणसाला अठरा जोड हातमोजे विकत घेववले नाहीत! त्यानं ते मिशनच्या बझारमधून फुकट उचलले. लबाडी मोठी झाली तरी चिकटपणा काही सुटत नाही. माझ्या मते हे अठरावं लक्षण धरायला हरकत नाही.

सोमवारी मी हाल्वार साहेबांच्या खोलीत गेले. ओत्तारनाही बोलावलं होतं. मी तीन जोड टेबलावर मांडले आणि अंगठ्यांबद्दल सांगितलं. ओत्तार शांत. त्यांनी एक मोजा उचलला, हातात घालून बघितला आणि अगदी मायेनं म्हणाले, "पण सिन्ने, असे अंगठे तर तूही विणतेस ना? शाळेपासून सगळ्यांना माहीत आहे. आणि नोंदवहीही तुझ्याकडेच. पुडकी फोडलीस तूच. नाही का?"

दोघेही माझ्या हातांकडे बघायला लागले. मीसुद्धा बघायला लागले. माणूस असा प्रामाणिकपणे घाबरला, की क्षणभर त्याला स्वतःचाच संशय येतो. मला खरंच वाटलं, विणले असतील का मी?

आणि तेवढ्यात दार उघडलं. रबरी बूट, मिठानं पांढरा झालेला एप्रन, अशी मावशी आत आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"माझी जेवणाची सुट्टी वीस मिनिटांची आहे," ती म्हणाली. "ते मोजे माझे. अठरा जोड. करडी लोकर माझ्या भावाच्या मेंढ्यांची. मी ते मिशनच्या बझारसाठी गुन्नवोरच्या हातात दिले. ओत्तार, ते तुझ्या त्या तीन कंपन्यांपर्यंत कसे पोचले, ते तूच सांग. मला सोळा मिनिटांत परत जायचंय."

ओत्तारनी हातातला मोजा काढून ठेवला, एवढंच.

मग चौकशी झाली. तिन्ही कंपन्या ज्या जागी नोंदवलेल्या होत्या, ती गुन्नवोरच्या भावाची धक्क्यावरची तीन होडीघरं निघाली. तिथे टेबल नाही, खुर्ची नाही. फक्त होड्या. हाल्वार साहेबांची स्वतःची होडी दर हिवाळ्यात त्यांतल्या मधल्या कंपनीत ठेवलेली असते.

बसा ना साहेब. पॅलेट हलतं आहे.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. संचालक मंडळानं वाद वाढवायचा नाही असं ठरवलं. ओत्तारनी काही रक्कम परत केली आणि 'नवी आव्हानं शोधण्यासाठी' त्यांनी आपला निरोप घेतला. त्यांच्या निरोपाला बदामाच्या मार्झिपानचं पांघरूण घातलेला तीन थरांचा सायीचा केक होता आणि फुलं वेळेवर आली होती, कारण नियम तेव्हा व्हायचे होते. भाषणात त्यांना खरेदी विभागाचा दीपस्तंभ म्हटलं गेलं. खोटं नाही. दीपस्तंभ दाखवतो ते खडकच.

आणि मावशीला काय मिळालं?

बुधवारी मिशन मंडळाची बैठक असते. तिथे प्रत्येकीचा कॉफीचा कप आपापल्या खिळ्यावर टांगलेला असतो. मावशीचा, निळ्या काठाचा, एकतीस वर्षं तिसऱ्या खिळ्यावर होता. चौकशीनंतरच्या पहिल्या बुधवारच्या आदल्या दिवशी तो वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत घालून तिच्या दाराच्या मुठीला अडकवलेला मिळाला. चिठ्ठी नव्हती. आपल्या बेटावर कुणी कुणाला वाईट बोलत नाही. फक्त कप परत येतो.

मग हळूहळू कानावर यायला लागलं. बोर्गहिल्दनं मोजे विकलेच होते ओत्तारला, पैसे मिळाले नाहीत म्हणून उलटली. सगळं ठाऊक होतं तिला. आणि याला पुरावा काय? तर पुरावा आहे. तो माझ्याकडेच आहे. नोंदवही उपाहारगृहात सर्वांना बघता यावी अशी ठेवतात, नियम चार. तिथे जाऊन लोक नोंद क्रमांक एक्केचाळीस वाचून आले आणि म्हणाले, "तिच्या भाचीनंसुद्धा नाव लपवलं होतं. काही असल्याशिवाय का लपवेल?"

तर आता, शेवटी सांगेन म्हटलेलं सांगते.

पुडकी आली त्या दिवशी, नोंद क्रमांक एक्केचाळीसपुढे, 'मूळ' या रकान्यात मी लिहिलं, 'विणणारी अज्ञात'. मला ती ज्ञात होती. माझ्या आयुष्यात मला तिच्याइतकं ज्ञात दुसरं कुणीही नाही. तिला वाचवायला म्हणून मी एक शब्द खोटा लिहिला आणि त्याच शब्दानं तिला वर्षभर वाळीत टाकलं. ओत्तारच्या लबाडीवर नऊ पानं झाली. माझ्या लबाडीवर एक ओळसुद्धा नाही.

ही नोंद मी तेव्हाच का दुरुस्त केली नाही? नियम सहा, पोटनियम दोन. दुरुस्तीला दोन सह्या लागतात, एक नोंद करणाऱ्याची आणि दुसरी हकीकत ठाऊक असलेल्या आणि नात्यात नसलेल्या व्यक्तीची. आमच्या नात्यात नसलेली प्रौढ माणसं बेटावर एकूण एकोणतीस आहेत. मी मोजली आहेत. दहा महिन्यांत मी सव्वीस जणांकडे जाऊन आले. सगळ्यांनी कॉफी दिली. कुणी म्हणालं, "तुमच्या घरातलं आहे, आम्ही मधे कशाला?" कुणी म्हणालं, "आता जुनं कशाला उकरतेस, पोरी?" हाल्वार साहेब म्हणाले, व्यवस्थापकांनी निष्पक्ष राहावं. राहिलेल्या तिघींकडे जायचा मला धीर झाला नाही. त्या आज मागच्या रांगेत आहेत.

("सिन्ने, बस कर. माझा निरोप आहे का तुझा खटला?")

मावशी, गळलेला टाका तिथेच असतो, असं तूच म्हणायचीस ना?

ही वही. हे पेन. मी 'अज्ञात' या शब्दावर सरळ रेघ मारते आहे, वाचता येईल अशी, कारण खाडाखोड चालत नाही. वर लिहिते आहे, 'बोर्गहिल्द सुंदे, मिशनच्या बझारसाठी विनामूल्य दिलेले'. ही माझी सही. दुसरी जागा रिकामी आहे. मला रिकामा रकाना बघवत नाही, पण हा मी स्वतः भरू शकत नाही. मी पेन इथे टेबलाच्या कडेला ठेवते आहे. आजनंतर मावशी कारखान्यात नसेल. वही असेल.

मी थांबते.

...

कोण? दिवा डोळ्यांवर येतोय, मला दिसत नाही...

योरुनकाकू?

या. या ना. सावकाश, पायरी उंच आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, योरुनकाकू आमच्या नात्यातल्या नाहीत, त्या बझारच्या खजिनदार आहेत. टेबलावर काय मांडलं आणि काय विकलं गेलं, हे त्यांच्याइतकं कुणालाच...

काय म्हणालात, काकू? जरा मोठ्यानं बोलता का? मागे ऐकू जात नाहीये.

"टेबलावर एकही हातमोजा नव्हता. मी त्याच दिवशी गुन्नवोरला विचारलं होतं. तेव्हापासून मला ठाऊक आहे."

हो. याच रकान्यात. चष्मा आणलाय ना? तारीखही घाला, काकू. आजची.

...

मंडळी, नोंद पूर्ण झाली आहे.

काकू, तुम्ही परत दाराजवळ जायची गरज नाही. मावशीच्या शेजारची खुर्ची मोकळीच आहे, सकाळपासून. आणि कोट काढा आता, वाफल गरम आहेत. मावशी, तू रडतेस की हसतेस, हे मला इथून कळत नाही. हातांनी बघावं लागेल.

आता उपचार. अध्यक्षांनी पॅलेटावर शेवटपर्यंत तोल सांभाळला, त्यांची मी आभारी आहे. संघटनेच्या प्रतिनिधींनी घड्याळ बघितलं नाही, त्यांचीही. वाफल आणि तपकिरी चीज उपाहारगृहातल्या बायकांनी घरून आणलं. रक्कम पाचशेच्या आत बसावी म्हणून त्यांनी दूध प्रत्येकी वेगळं आणलं, त्यांचे विशेष आभार. बोर्गहिल्द मावशीला निरोप देण्याइतकी मी मोठी नाही. तिनं जे हातात दिलं ते मी पुढेही विणत राहीन, दोन्ही अंगठे डावीकडे.

माझ्या बोलण्यात काही चुकलं असेल, कमी-जास्त झालं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर ते पोटात ठेवू नका. मला सांगा. दुरुस्तीला दोन सह्या लागतात, आणि त्या मिळतात, हे आज मला कळलं.

धन्यवाद.